मिस्पाच्या मागचं पान

मी निवृत्त होईपर्यंत बायबलबाई होते. हा शब्द ऐकला की दोन प्रकारची माणसं हसतात. आमच्या हिंदू शेजाऱ्यांना वाटतं, ही बाई घरोघर फिरून लोकांना बाटवत असणार. आणि आमच्यातल्याच नव्या मुलामुलींना वाटतं, हे काहीतरी पणजीच्या काळातलं, छत्री आणि पांढऱ्या पातळातलं प्रकरण असणार. दोघांनाही सांगते, छत्री मी कायम बसमध्ये विसरत असे, पांढरा रंग मला शोभत नाही, आणि बाटवण्याचं म्हणाल तर ज्यांच्या घरी मी गेले ते सगळे आधीपासूनच ख्रिस्ती होते. त्यांनाच ख्रिस्ती करता करता माझी नोकरी संपली.

पद जुनं आहे हे मात्र खरं. मिशनच्या काळात बायकांना घरी जाऊन अक्षरओळख करून द्यायची, बायबल वाचून दाखवायचं, यासाठी बायाच नेमायच्या. माझ्या वेळेपर्यंत आमच्या बायका नर्स झाल्या होत्या, शिक्षिका झाल्या होत्या, टेलिफोन खात्यात लागल्या होत्या. पण मंडळीनं पद तसंच चालू ठेवलं. मंडळी म्हणजे आमचं चर्च आणि तिथं येणारी माणसं, पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीतली माणसं. एवढे तीन शब्द लक्षात ठेवलेत तर पुढं कुठं अडणार नाही. माझं काम म्हणजे आजारी, बाळंतीण, एकटी पडलेली, भांडून बसलेली अशा माणसांच्या घरी जायचं, त्यांच्याबरोबर शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची आणि चहा घ्यायचा. यातला चहा सर्वांत धोक्याचा. माझं पित्त त्याचंच.

बायबल हे एक पुस्तक नाही, ते सहासष्ट पुस्तकांचं कपाट आहे. त्यात कायदे आहेत, लढाया आहेत, लांबलचक वंशावळी आहेत, प्रेमाच्या कविता आहेत, तुरुंगातून लिहिलेली पत्रं आहेत आणि भरपूर घरगुती भांडणं आहेत. आमची माणसं या कपाटातून एकेक वाक्य उचलतात. त्याला आम्ही वचन म्हणतो. मग ते वचन कॅलेंडरवर जातं, रिक्षाच्या मागे जातं, लग्नाच्या पत्रिकेवर जातं, आणि नव्या वर्षाच्या सकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, डबा फिरतो त्यातल्या रंगीत कार्डांवर जातं. डोळे मिटून कार्ड काढायचं, जे निघेल ते आपलं वर्षाचं वचन. आता समजा, तुमच्या घरातलं भांडण कुणी भिंतीआडून ऐकलं आणि त्यातलं एकच गोड वाक्य उचलून गावभर केलं, तर तुम्हाला कसं वाटेल? यिर्मया, पौल वगैरे ज्यांची ही वाक्यं, ते आता बोलू शकत नाहीत म्हणून बरं.

माझी कामाची पद्धत साधी होती. वचन आवडलं ना, मग मागचं एक पान आणि पुढचं एक पान मोठ्यानं वाचायचं. वाचायचं घरच्या माणसानं, मी नाही. मी फक्त मध्येमध्ये विचारायची, हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, कशावरून म्हणतंय. एवढ्यानंच मी नावडती झाले. "बाई वचनातला गोडवा काढून टाकतात," असं माझ्या पाठीमागे म्हटलं जायचं, आणि पुण्यात पाठीमागचं बोलणं समोर पोचायला फार वेळ लागत नाही.

नव्वदनंतर शहर बदलत गेलं तसं आमच्या प्रार्थनेच्या विनंत्याही बदलल्या. आधी असायचं, "पोराला कंपनीत चिकटू दे." मग आलं, "कंपनी बंद पडू नये." आणि मग एकदम, "व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे." वचनं मात्र तीच. ज्या वचनानं बाप लेथवर लागला होता त्याच वचनानं मुलगा अमेरिकेला जाणार होता.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा होता. जालन्याकडचा, कॉम्प्युटर शिकलेला, हुशार. त्याच्यापुढं दोन नोकऱ्या आल्या, एक पुण्यातली, एक बंगळूरची. त्यानं आमच्यातली जुनी युक्ती केली, प्रार्थना करून बायबल मधूनच उघडायचं आणि डोळे मिटून बोट ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काळजीत पडून माझ्याकडे आला.

"बाई, तंबूच्या पडद्यांची मापं निघाली. लांबी, रुंदी, किती आकडे, किती फासे. याचा माझ्यासाठी अर्थ काय असेल?"

"याचा अर्थ तंबू शिवायचा आहे," मी म्हटलं. "तुला शिवता येतो का?"

तो हसला नाही. मग आम्ही ते सबंध प्रकरण वाचलं. गुलामीतून नुकतीच सुटलेली माणसं, जवळ घर नाही, देऊळ नाही, रोज मुक्काम हलवायचा, आणि म्हणून देवासाठीही हलवता येईल असा तंबू. हे वाचल्यावर तो म्हणाला, "म्हणजे बंगळूरला गेलो तरी देव तिथं असेलच." मी म्हटलं, हे तू म्हणतोयस, आकड्यांनी आणि फाशांनी नाही सांगितलेलं, पण तुझं म्हणणं त्या माणसांना पटलं असतं. कुठली नोकरी घ्यायची हे त्यानं मग पगार आणि आईची तब्येत बघून ठरवलं. देवानं डोकं त्याचसाठी दिलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळेच असे हसतखेळत सुटले नाहीत. आमच्या मंडळीत एक लेथ चालवणारे गृहस्थ होते, कंपनीला टाळं लागलं आणि ते घरी बसले. त्या वर्षी त्यांना कार्ड निघालं ते आमच्याकडचं सर्वांत लाडकं वचन: तुमच्याविषयी माझ्या मनात भल्याचे विचार आहेत, तुम्हाला आशा देणारा शेवट देईन, अशा अर्थाचं. त्यांनी ते कार्ड पाकिटात ठेवलं आणि रोज सकाळी कंपनीच्या फाटकापाशी जाऊन उभे राहू लागले. कुणी दुसरं काम देऊ केलं तर नको म्हणायचे. त्यांच्या बायकोनं मला बोलावलं. मी त्यांना मागचं पान वाचायला लावलं. ते पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया नावाच्या संदेष्ट्यानं पाठवलेलं. त्यात तो म्हणतो, लवकर परत जाल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. तिथंच घरं बांधा, तिथंच बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. परत जाणं होईल, पण सत्तर वर्षांनी. म्हणजे ज्यांना हे पत्र वाचून दाखवलं त्यातल्या बहुतेकांनी तो आशेचा शेवट डोळ्यांनी बघितलाच नसणार.

गृहस्थांनी पुस्तक मिटलं. "बाई, तुम्ही माझं कार्ड हिसकावलंत," म्हणाले. पुढं ते दुसऱ्या एका मंडळीत जाऊ लागले, जिथं फाटक उघडण्याची खात्री देत होते. त्या फाटकाच्या जागी आता उंच इमारती आहेत. ते अजून रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूनं जातात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण तेच वचन घेऊन तेच गृहस्थ उद्या परत आले तरी मी तेच पान उघडीन. फाटकापाशी उभं राहून वाळून जाणाऱ्या माणसाला बाग लावायला सांगणारं पत्र मी लपवून ठेवायचं, ते का?

आता मिस्पाकडे येते. लिहायला बसले ती खरं म्हणजे त्याच्यासाठीच.

पुण्यात तुम्ही कुठल्याही ख्रिस्ती वस्तीत हिंडा, एखाद्या तरी घराच्या फाटकावर ‘मिस्पा’ अशी संगमरवरी पाटी दिसेल. आमच्याकडे हा शब्द फार लाघवी समजला जातो. त्यामागे एक वचन आहे: आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो. महिला मंडळाची सभा संपली की बायका हात धरून, डोळे मिटून हे म्हणतात. मुलगी सासरी निघाली, मुलगा परदेशी निघाला की विमानतळावर हे म्हणतात, आणि रडतात. मीही पुष्कळदा त्यांच्यात उभी राहिले आहे.

पण हे मुळात म्हटलं कुणी? लाबान नावाच्या सासऱ्यानं, याकोब नावाच्या जावयाला. दोघेही नंबरी. सासऱ्यानं जावयाला लग्नात फसवलेलं, वर्षानुवर्षं राबवून घेतलेलं. जावयानं सासऱ्याची मेंढरं युक्तीनं आपल्या कळपात आणलेली. शेवटी सासरा लोकर कातरायला गेलेला बघून जावई दोन्ही बायका, म्हणजे लाबानच्याच दोन मुली, पोरं, जनावरं घेऊन न सांगता पसार होतो. सासरा आठवडाभर पाठलाग करून त्याला डोंगरात गाठतो. तंबूंची झडती होते, शिव्याशाप होतात, आणि कुणाचंच कुणापुढं चालेना तेव्हा दोघं मिळून दगडांची रास रचतात आणि तिच्यापाशी तह करतात. ही रास ओलांडून तू माझ्याकडे यायचं नाहीस, मी तुझ्याकडे येणार नाही. त्या जागेचं नाव मिस्पा, म्हणजे टेहळणीची जागा, आणि त्या तहातलं हे वाक्य. माझा तुझ्यावर काडीचा विश्वास नाही, म्हणून देवच तुझ्यावर नजर ठेवो, असा त्याचा सरळ अर्थ. आमच्या मंडळीतले निम्मे बंगले सासऱ्याच्या धमकीचं नाव लावून उभे आहेत.

असाच एक बंगला धायरीला होता, पाटोळेवहिनींचा. वहिनी विधवा, एकुलता एक मुलगा अजित सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या पैशांतून बंगला झाला आणि पाटी लागली. त्याचं लग्न झालं आमच्याच मंडळीतल्या गायकवाडांच्या करुणाशी. करुणा नर्स होती, एका मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळायची. तिचे वडील गायकवाडदादा कारखान्यातून निवृत्त झालेले, आमचे जुने पंच, दोन घरांत तंटा झाला की मिटवायला त्यांनाच बोलावत. पत्रिकेवर वचन घालायचं तर मिस्पाचंच, हा त्यांचाच आग्रह होता, कारण लग्नानंतर महिन्याभरात अजित अमेरिकेला जाणार होता.

अजित गेला. करुणाचे कागद मागून येणार होते. ते ‘प्रोसेसमध्ये’ होते आणि प्रोसेसमध्येच राहिले. तिनं नोकरी सोडलेली, कारण आज ना उद्या जायचंच होतं. सुरुवातीला नवऱ्याचा फोन तिला यायचा, मग आईला यायचा आणि तिला निरोप यायचा, मग निरोपही येईना. अमेरिकेहून आलेल्या एका नातेवाइकानं सांगितलं की अजितच्या घरात एक बाई राहते आणि तिला दिवस गेले आहेत. हे वहिनींना कळलं, गायकवाडदादांना कळलं, मला कळलं, आणि करुणाला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण कुणी कुणाला कळलंय असं दाखवत नव्हतं.

इस्पितळाच्या मेट्रनबाई करुणाला परत घ्यायला तयार होत्या. वहिनी म्हणत, सून कामाला जायला लागली की लोक विचारणार. करुणा माहेरी जाऊन ‘परत येऊ का’ असं विचारून आली. गायकवाडदादा म्हणाले, "वचन घालून लग्न लावलंय. देवाची नजर आहे दोघांवर. जरा थांब." आणि तिला धायरीच्या बसपर्यंत सोडून आले.

एके दिवशी वहिनींचा मला फोन आला. बीपी वाढलंय, प्रार्थनेला या. गेले तर म्हणाल्या, "बाई, प्रार्थना होईलच. पण करुणाला जरा समजवा. हल्ली गप्प गप्प असते. मिस्पाचं वाचा तिच्याबरोबर, तिला धीर येईल."

मिस्पाचं वाचा म्हणाल्या म्हणून मी वाचलं, हे या ठिकाणी नमूद करते.

करुणा स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं आणि नेहमीप्रमाणे मागच्या पानापासून वाचायला सांगितलं. ती सपाट आवाजात वाचत गेली, पेशंटचा चार्ट वाचावा तसं. पळून जाणं, पाठलाग, झडती, दगडांची रास. मग पत्रिकेवरचं वचन आलं आणि ते तिनं पाठ असल्यासारखं न बघताच म्हटलं. पुढचं वाक्य मात्र तिनं दोनदा वाचलं. सासरा जावयाला म्हणतो, माझ्या मुलींना छळशील, किंवा त्यांच्याशिवाय आणखी बायका करशील, तर आपल्याबरोबर तिसरं माणूस नसलं तरी लक्षात ठेव, तुझ्यामाझ्यामध्ये देव साक्षी आहे.

"बाई," ती म्हणाली, "हे पत्रिकेवर का नव्हतं?"

"जागा पुरली नसेल."

त्या घरात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग तिनं आपण होऊन पानं मागं उलटली. पळून जायच्या आधी याकोब बायकांना विचारतो तेव्हा त्या दोघी बहिणी जे म्हणतात, तिथं ती थांबली. त्या म्हणतात, बापाच्या घरी आता आमचा काही वाटा उरलाय का? त्याच्या लेखी आम्ही परक्याच ना? हे तिनं मोठ्यानं वाचलं नाही, नुसतं बोट ठेवून मला दाखवलं.

"पप्पांनी हे वाचलं असेल?"

"पंच आहेत. वाचलंच असेल."

"मग?"

मला राग आला होता, आणि तो वहिनींपेक्षा गायकवाडदादांचा जास्त आला होता. लाबान काही चांगला बाप नव्हता. लबाड, लोभी, मुलींच्या जिवावर गबर झालेला. पण एवढा वाईट बापसुद्धा डोंगर चढून गेला आणि जावयाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, माझ्या पोरींना त्रास द्यायचा नाही. आमचे गायकवाडदादा सज्जन माणूस, आणि ते मुलीला बसपर्यंत सोडून आले.

करुणा मटार पुन्हा जवळ ओढत म्हणाली, "येत्या रविवारी इथं प्रार्थनासभा आहे. वाचन मी करू?"

घरगुती सभेत शास्त्रवाचन कुणी करायचं हे बायबलबाई ठरवते. पद कितीही जुनं झालं असलं तरी तेवढा अधिकार शाबूत होता. मी म्हटलं, "तुझ्या मनानं म्हणतेस ना?" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, "मग कर."

रविवारी संध्याकाळी हॉल भरला होता. आमचे नवे पाळकसाहेब आले होते, तरुण आणि मनानं चांगले. त्यांना सगळं पडद्यावर दाखवायला आवडायचं, आणि पडद्यावर मावेल एवढंच वचन घ्यायला आवडायचं. गायकवाडदादा पंच म्हणून पुढच्या खुर्चीत. टेबलावर कॉम्प्युटर मांडला होता आणि त्यात अजित. तिकडे सकाळ होती, तो कॉफीचा मग घेऊन बसला होता. वहिनींनी त्याच्यासाठीच ही सभा ठेवली होती. मुलगा चार लोकांत दिसला की अफवा आपोआप बंद पडतील, असा त्यांचा हिशेब असणार. आज मला त्यांची कीव येते. त्यांचाही मुलगा नजरेआड होता, आणि तो हातचा गेला आहे हे कबूल केलं तर एवढ्या मोठ्या बंगल्यात त्या एकट्याच उरणार होत्या.

गाणं झालं, प्रार्थना झाली. मी म्हटलं, वाचन करुणा करील.

ती उभी राहिली आणि बहिणींच्या त्या प्रश्नापासून तिनं सुरुवात केली. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं. ती थांबली नाही. सगळा पाठलाग, सगळं भांडण, एकही ओळ न गाळता. मिस्पाचं वचन आलं तेव्हा सवयीनं दोघीचौघींनी तिच्याबरोबर म्हटलं आणि डोळे मिटले. पुढचं वाक्य तिनं एकटीनं वाचलं. कॉम्प्युटरकडे बघून वाचलं. मिटलेले डोळे एकेक करून उघडले.

अजित म्हणाला, "मम्मी, आवाज नीट येत नाहीये." त्याच्या आधीच्या वाक्यापर्यंत आवाज अगदी नीट येत होता. मग चित्रही गेलं.

"नेटचा प्रॉब्लेम असेल," पाळकसाहेब म्हणाले. "आपण प्रार्थना करू या."

पण करुणा बसली नव्हती. तिनं पुस्तक मिटलं, त्यात बोट तसंच ठेवलं आणि वडिलांकडे वळली. "पप्पा, त्या दोघींनी विचारलंय त्याचं उत्तर पुढं कुठं दिलेलं नाही. मी सगळं शोधलं."

गायकवाडदादांचा चेहरा विटेसारखा झाला. इतक्या लोकांत त्यांना कुणी असं कधी विचारलं नव्हतं. "घरी बोलू," ते हळूच म्हणाले.

"कुठल्या घरी, पप्पा?"

त्यानंतर कोणी प्रार्थना केली, काय केली, मला सांगता येणार नाही. वहिनींनी उपमा द्यायला सांगितला आणि लोकांनी तो खाली मान घालून खाल्ला. मी निघताना करुणा भांडी उचलत होती. गायकवाडदादा आधीच निघून गेले होते, एकटे.

दुसऱ्या दिवसापासून धायरीचं ते दार मला बंद झालं. फोन लावला की वहिनी ठेवून द्यायच्या. गायकवाडदादा उपासनेला येईनासे झाले. करुणाचं काय चाललंय, मला कळायला मार्ग नव्हता, आणि जेवण गोड लागत नव्हतं. पाळकसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं.

"बाई, लोक आपल्याकडे धीर घ्यायला येतात," ते म्हणाले. "तीन हजार वर्षांपूर्वी कोण कुणाला काय म्हणालं, याच्याशी आजच्या माणसाला काय करायचंय? वचन आजच्यासाठी असतं."

मी त्यांना म्हटलं ते इथंही लिहिते, कारण माझ्या सगळ्या नोकरीचं सार तेवढंच आहे. वचन आजच्यासाठी असतं हे मला मान्य. पण ते आधी कुणाचं तरी असतं. त्या माणसाचं दुखणं काय होतं हे बघितलं नाही, तर त्या वचनात आपण फक्त आपली इच्छा वाचतो आणि खाली देवाची सही करतो. वहिनींना मिस्पात वाट बघणारी सून दिसली. दादांना आपली जबाबदारी घेणारा देव दिसला. दोघांचीही सोय झाली. मागचं पान वाचलं तेव्हा त्या वचनातला देव रात्रंदिवस मायेनं पाखर घालणारा उरला नाही हे खरं. तो साक्षीदार झाला. तिसरं माणूस नसतं तिथं, बंद दाराआड, परदेशातल्या फ्लॅटमध्येसुद्धा उभा असलेला साक्षीदार. मला तर हाच देव जास्त भरवशाचा वाटतो. लोक त्याला कडू म्हणत असतील तर म्हणोत.

पाळकसाहेब म्हणाले, "हे पंचांपुढे सांगा."

वहिनींची तक्रार पंचांकडे गेली होती. बाईंनी वचनाचा विपर्यास करून संसार मोडला, असा आरोप. पंचांची सभा देवळाच्या मागच्या खोलीत भरली. गायकवाडदादाही आले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीत, कुणाकडे न बघता बसले. माझी नोकरी त्या खोलीत बसलेल्यांच्या हातात होती आणि मी एकटी राहणारी बाई, दुसरा आधार नाही. पण खरं सांगते, त्या दिवशी मला नोकरीची भीती नव्हती. दादांच्या त्या खाली घातलेल्या मानेकडे बघून मला वाटलं, करुणाच्या प्रश्नाचं उत्तर ठरलं आणि ते ‘नाही’ असं ठरलं.

सेक्रेटरींनी ठराव वाचला. बाईंनी पाटोळेवहिनींची लेखी माफी मागावी, आणि यापुढे घरोघरी फक्त नेमून दिलेलं वचन वाचावं, मागचंपुढचं वाचू नये.

"माफीत काय लिहू?" मी विचारलं. "पुढचं वाक्य वाचू दिलं, म्हणून क्षमा असावी?"

"बाई, तुम्ही विषय चिघळवू नका."

"मी पदरचा एक शब्द घातलेला नाही. तुमच्या प्रत्येकाच्या घरी जे पुस्तक आहे त्यातलंच पान आहे. ते वाचायचं नसेल तर फाडून टाकण्याचा ठराव करा, मी सही करते. माफी मागणार नाही."

सेक्रेटरींचा आवाज चढला. "अहो, एका मुलीचं घर मोडलं तुमच्यामुळे, कळतंय का? बाई, त्या पोरीच्या डोक्यात हे वाचन भरवलं कुणी?"

तेव्हा कोपऱ्यातली खुर्ची सरकली. गायकवाडदादा उठले. मंडळीतल्या कितीतरी घरांचे तंटे मिटवणारा तो माणूस बोलायच्या आधी नेहमी घसा साफ करायचा, तसा त्यानं केला.

"बाईंना कशाला विचारता? वाचलं माझ्या मुलीनं. परवा मी धायरीला जाऊन तिला घेऊन आलोय. आता ती आमच्याकडेच असते, तिच्या घरी. काय विचारायचं ते तिलाच येऊन विचारा. फक्त संध्याकाळी या, दिवसा तिची ड्यूटी असते."